पाटी नवी, हात जुना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी मुद्रितशोधक आहे. पुस्तक छापायला जाण्यापूर्वी त्यातल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. काम नीट झालं तर वाचकाला माझी आठवणही होत नाही. चूक राहिली की मात्र पहिली चौकशी माझी होते. गेली सदतीस वर्षं मी हे काम करतो आहे. त्यातली पहिली तीस वर्षं कागदावर गेली आणि शेवटची सात टॅब्लेटवर. आज मी बोलणार आहे ते या टॅब्लेटबद्दल, आणि त्याच्यासोबत घ्याव्या लागणाऱ्या वस्तूंबद्दल, ज्यांना दुकानात 'अ‍ॅक्सेसरीज' म्हणतात. मी संगणकातला जाणकार नाही. पण रोज सहा तास एखादी वस्तू हातात असली की तिचे गुणदोष कळतातच.

मी या व्यवसायात आलो तेव्हा खिळ्यांचं छापखान्याचं युग संपत आलं होतं, तरी संपलं नव्हतं. जुळाऱ्याने खिळे जुळवायचे, त्यावरून लांबच लांब कागदावर गॅली प्रूफ काढायचं आणि ते आमच्याकडे यायचं. समासात लाल शाईने खुणा करायच्या, सुटलेल्या अक्षरासाठी काकपद द्यायचं आणि प्रूफ परत पाठवायचं. मी साताऱ्याचा आणि प्रकाशक पुण्याचे. त्यामुळे प्रुफांचा गठ्ठा एस.टी.च्या पार्सलने यायचा आणि तसाच जायचा. पुढे खिळे गेले, संगणकावर अक्षरजुळणी सुरू झाली, पण आमच्यापर्यंत यायचा तो कागदच.

साधारण आठ वर्षांपूर्वी एका प्रकाशकांचा फोन आला. म्हणाले, "काका, यापुढे पीडीएफ पाठवतो. तुम्ही तिकडे प्रिंट काढून घ्या, नाहीतर संगणकावरच वाचा." आता हिशोब बघा. दोनशे चाळीस पानांचं पुस्तक, त्याची तीन वाचनं, म्हणजे सातशे वीस पानं छापायची. त्यात माझ्या मेहनतान्यातला बराचसा भाग झेरॉक्सवाल्याकडेच गेला असता. संगणकावर वाचून पाहिलं, तर दुपारपर्यंत मान धरायची. मला मानेचा स्पाँडिलायटिस आहे आणि डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. ताठ बसून समोरच्या पडद्याकडे तासन् तास बघणं मला झेपेना. शिवाय माउसने खुणा करणं म्हणजे काठीने सुईत दोरा ओवण्यासारखं. आता हे काम सोडावं लागणार, असं मी घरी बोलूनही दाखवलं.

माझी मुलगी पुण्याला असते. ती दिवाळीला आली ती टॅब्लेट घेऊनच. म्हणाली, "बाबा, महिनाभर वापरून बघा. नाही जमलं तर मी नेईन परत."

महिनाभर खरोखरच जमलं नाही. टेबलावर आडवा ठेवला की वाकून वाचावं लागे. हातात धरला की अर्ध्या तासात मनगट दुखे. बोटाने खूण करायला जावं तर एका वेलांटीच्या जागी तीन शब्द झाकले जात. वर तळहात टेकला की पान भलतीकडेच उडे. नातू म्हणाला, "आजोबा, यावर क्रिकेट छान दिसतं." मला वाटलं, याचा उपयोग तेवढाच.

नंतर लक्षात आलं की चूक टॅब्लेटची नव्हती. त्याच्याकडून मी काय काम करून घेणार आहे, याचा विचार मी केलाच नव्हता. टॅब्लेट म्हणजे नुसती पाटी. पाटीला पेन्सिल लागते, मांडी लागते, पुसायला फडकं लागतं. ते सगळं जमेपर्यंत पाटी भिंतीला टेकून उभीच राहते.

या पाटीचा इतिहासही हेच सांगतो. १९७२ मध्ये अ‍ॅलन के या अमेरिकी शास्त्रज्ञाने मुलांसाठी वहीएवढ्या संगणकाची कल्पना मांडली होती. तिला त्याने 'डायनाबुक' असं नाव दिलं. तशी वस्तू त्या काळी तयार होऊ शकली नाही. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने पेनाने लिहिता येणाऱ्या टॅब्लेट संगणकासाठी विंडोज आणलं. पण ती यंत्रं जड होती आणि महागही. २०१० च्या एप्रिलमध्ये अ‍ॅपलचा आयपॅड अमेरिकेत विक्रीला आला. त्याने पेन काढून टाकलं आणि सगळं काम बोटावर सोपवलं. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०११ रोजी विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त 'आकाश' टॅब्लेट दिल्लीत जाहीर झाला. त्याचा पडदा सात इंचांचा होता आणि तो दाबावा लागे. बोटाने बघणं, वाचणं, खेळणं सोपं झालं. पण लिहिणाऱ्याचं आणि चित्र काढणाऱ्याचं बोटावर भागेना. सॅमसंगने २०११ मध्ये मोठ्या फोनबरोबर पेन दिलं, आणि २०१५ मध्ये अ‍ॅपलनेही मोठ्या आयपॅडसाठी पेन्सिल काढली. म्हणजे काढून टाकलेलं पेन कामासाठी परत आणावं लागलं.

माझ्या घरात पहिल्यांदा आलं ते मात्र पेन नव्हतं. आला तो स्टँड. काही शे रुपयांचा, पत्र्याचा, घडी होणारा. आपल्याकडे पोथी वाचायला व्यासपीठ असतं ना, तसाच. त्यावर टॅब्लेट ठेवला आणि डोळ्यांसमोर येईल इतका वर घेतला. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोंचं असतं. मान पुढे झुकली की ते पेलायला मानेच्या स्नायूंना कितीतरी जास्त जोर लावावा लागतो. माझं मानेचं दुखणं स्टँडने बरं केलं असं मी म्हणणार नाही. पण दुपारी दोनला थांबणारं काम आता पाचपर्यंत चालतं. टॅब्लेटसोबत एकच वस्तू घेता येणार असेल, तर स्टँड घ्या. जाहिरातीत तो शेवटी असतो, उपयोगात पहिला.

दुसरी गोष्ट आकाराची. आपली पुष्कळशी मराठी पुस्तकं डेमी आकारात निघतात, म्हणजे साधारण साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. अकरा इंची टॅब्लेट उभा धरला तर हे पान जवळजवळ मूळ आकारात बसतं. सात-आठ इंची टॅब्लेटवर तेच पान आकसतं आणि मग सारखं मोठं-छोटं करत बसावं लागतं. तुम्हाला जे पान रोज वाचायचं आहे त्या मापाचा कागद कापून दुकानात घेऊन जा आणि पडद्यावर ठेवून पाहा. दुकानदार हसेल, हसू द्या. कापड घेताना आपण मापाचा झगा नेतोच की.

मग पेन आलं. इथे मी एकदा फसलो. रबरी टोकाचं स्वस्त पेन आणलं. त्याचं टोक वाटाण्याएवढं. त्याने 'कि'ची 'की' करायला गेलो तर अख्खी ओळ रंगली. मग एका जाणत्या मुलाने समजावून सांगितलं. टॅब्लेटच्या पडद्याखाली अतिशय बारीक, विजेच्या तारांसारखी जाळी असते. आपलं बोट वीजवाहक असल्यामुळे ते टेकताच तिथल्या विद्युतक्षेत्रात फरक पडतो आणि टॅब्लेटला जागा कळते. रबरी पेन नुसतं बोटाचं सोंग घेतं, म्हणून त्याला बोटाएवढंच जाड टोक लागतं. खरं पेन पडद्याशी स्वतंत्रपणे बोलतं. काही पेनांना चार्जिंग लागतं. काही पेनांत बॅटरी नसून तारेचं वेटोळं असतं, त्याला पडद्याखालच्या थरातूनच शक्ती मिळते. अशा पेनामुळे टॅब्लेटला पेन कुठलं आणि तळहात कुठला हेही ओळखता येतं. त्यामुळे कागदावर टेकवावा तसा हात पडद्यावर टेकवता येतो. लक्षात ठेवायचं ते एवढंच की एका टॅब्लेटचं पेन दुसऱ्यावर चालेलच असं नाही. आधी टॅब्लेट घेऊन मग पेन शोधू नका. दोन्ही एकत्र, आणि दुकानातच लिहून बघून घ्या.

पेन हाती आलं त्या दिवशी मी लाल रंग निवडला आणि पहिलं काकपद काढलं. हात तोच, खूण तीच. सातव्या पानापर्यंत मी काचेवर लिहितोय हे विसरलो होतो.

काच गुळगुळीत वाटते म्हणून काहीजण तिच्यावर कागदासारखी खरखरीत फिल्म लावतात. मीही लावली होती. पेन छान घासत जायचं, पण अक्षरं किंचित धुरकट दिसायची आणि पेनाचं टोक लवकर झिजायचं. चित्रकाराला ते चालेल. मला अनुस्वार बघायचा असतो, म्हणून मी ती काढून टाकली. या अनुस्वाराची एक गंमत सांगतो. पडद्यावर धुळीचा कण बसला की तो थेट अनुस्वारासारखा दिसतो. मी एकदा 'नदी'वरचा अनुस्वार काढा अशी खूण केली होती. अक्षरजुळणी करणाऱ्या मुलीने कळवलं, "काका, इथे अनुस्वार नाहीच." तेव्हापासून चष्म्याचं मऊ कापड हीसुद्धा माझी एक अ‍ॅक्सेसरी आहे.

कीबोर्ड मी सर्वांत शेवटी घेतला. मोठ्या दुरुस्त्या, शंका, लेखकाला विचारायचे प्रश्न हे हाताने लिहिण्यापेक्षा टाइप केलेले बरे. मी इनस्क्रिप्ट पद्धतीने टाइप करतो. या मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बरीचशी व्यंजनं उजव्या हाताला येतात. इंग्रजी 'जे'च्या कळीवर 'र' असतो, आणि शिफ्ट दाबून तीच कळ मारली की 'ऱ' मिळतो. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' हे शब्द नीट लिहायला तो लागतोच. कीबोर्ड घेताना मात्र खात्री करा की तो जोडल्यावर तुमच्या टॅब्लेटवर देवनागरी उमटते. पडद्यावरच्या कळफलकावर मराठी येतं म्हणून बाहेरून जोडलेल्या कीबोर्डवरही ते येईल, असं धरून चालू नका. पैसे देण्याआधी 'कोल्हापूरच्या दुसऱ्या गल्लीत' एवढे तीन शब्द टाइप करून बघा. ते उमटले तर कीबोर्ड मराठी माणसाच्या कामाचा.

हे सगळं जमलं आणि मला वाटलं, आता आपण जिंकलो. तेव्हाच माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगायलाच मी खरं तर इथे आलो आहे.

एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं आत्मकथन माझ्याकडे वाचायला आलं. बाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. लहानशा गावातून शिकून पुढे आलेल्या. १९७२ च्या दुष्काळात शाळेत सुकडी वाटली जायची, त्या दिवसांबद्दल त्यांनी फार साधेपणाने लिहिलं होतं. पुस्तक त्यांनी आईला अर्पण केलं होतं. आईचं नाव अनसूया. जुळणीत ते 'अनुसया' झालं होतं. अशी चूक नेहमी होते. मी त्याला लाल गोल केला, समासात शुद्ध नाव लिहिलं, पुढची सगळी पानं वाचली आणि फाइल पाठवून दिली.

तीन आठवड्यांनी बाईंचा फोन आला. प्रकाशकांनी कौतुकाने त्यांना छापलेला पहिला फॉर्म पाठवला होता, सोळा पानांचा. बाई म्हणाल्या, "अहो, छपाई फार सुरेख आहे. फक्त माझ्या आईचं नाव चुकलंय हो." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट त्याच म्हणाल्या, "असू द्या आता. छापलेला कागद कशाला वाया घालवता?"

मी टॅब्लेट उघडून पाहिलं. माझ्याकडे लाल गोल जागच्या जागी होता. छापखान्यात विचारलं, तर ते म्हणाले, "तुमच्या फाइलमध्ये एकही खूण नव्हती. आम्हाला वाटलं, सगळं बरोबर आहे."

झालं होतं ते असं. मी वापरत होतो त्या अ‍ॅपमध्ये पेनाच्या खुणा मूळ पीडीएफवर न उमटता वेगळ्या थरात राहत होत्या. एखाद्या चित्रावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर रेघोट्या माराव्यात, तशा. खुणांसकट फाइल पाठवायची तर ती वेगळ्या पद्धतीने बाहेर काढावी लागते. मी नुसती 'शेअर' केली. पारदर्शक कागद माझ्याकडेच राहिला आणि चित्र कोरंच्या कोरं पुढे गेलं. यात छापखान्याचा दोष नव्हता, यंत्राचाही नव्हता. पाठवलेली फाइल मी उघडून पाहिली नव्हती, एवढंच.

फॉर्म पुन्हा छापला. कागदाचा खर्च मी माझ्या मेहनतान्यातून वळता करायला सांगितला. प्रकाशक नको म्हणत होते, पण मी ऐकलं नाही. सुदैवाने बाकीचे फॉर्म अजून यंत्रावर चढायचे होते.

त्या रात्री मला माझ्या पहिल्या छापखान्यातले वयस्कर मुद्रितशोधक आठवले. ते प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात 'वाचले' असं लिहून सही करायचे आणि गठ्ठ्यावर एकूण दुरुस्त्यांचा आकडा टाकायचे. आम्हा पोरांना तो म्हातारपणाचा चाळा वाटायचा. तो चाळा नव्हता. खुणा पुढच्या माणसापर्यंत पोचल्या की नाही, हे पडताळायची ती सोय होती. मी टॅब्लेट घेतला, स्टँड घेतला, पेन घेतलं. ती सवय तेवढी कागदाबरोबर मागे सोडून आलो.

आता माझा शिरस्ता ठरलेला आहे. काम संपलं की खुणा पानांवर पक्क्या करून नवी फाइल काढायची. ती टॅब्लेटवर न बघता दुसऱ्या यंत्रावर, म्हणजे बायकोच्या फोनवर, उघडून बघायची. तिथे लाल खुणा दिसल्या तरच पाठवायची. सोबत एक ओळ लिहायची, 'पाने दोनशे चाळीस, दुरुस्त्या एकशे सदतीस.' आणि पलीकडून 'एकशे सदतीस मिळाल्या' असं उत्तर आल्याशिवाय काम संपलं असं समजायचं नाही. मुलं हसतात. पण त्यानंतर एकही खूण वाटेत हरवलेली नाही.

दुसरा नियम प्रतींचा. टॅब्लेट पडतो, फुटतो, प्रवासात विसरतो. म्हणून रोज संध्याकाळी कामाची एक प्रत टाइप-सी पेनड्राइव्हवर घेतो. तो थेट टॅब्लेटला लागतो. दुसरी प्रत इंटरनेटवरच्या साठ्यात ठेवतो. पुस्तकाची फाइल सहसा फार मोठी नसते, फुकट मिळणाऱ्या जागेत अशी शेकडो पुस्तकं मावतात.

तिसरं बॅटरीचं. लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही. आणि ती सतत शंभर टक्के भरलेली ठेवली तर लवकर थकते. म्हणून टॅब्लेट एप्रिल-मेच्या उन्हात खिडकीत किंवा गाडीत ठेवू नका. पुष्कळ टॅब्लेटमध्ये ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते. दिवसभर चार्जरजवळ काम करणाऱ्याने ती चालू करावी. वीज गेली तरी दिवसाचं काम अडत नाही, हा या यंत्राचा मोठा गुण आमच्या भागात फार कामाला येतो.

श्रोतेहो, तुमचं काम माझ्यासारखं नसेल. माझी बहीण गाणं शिकवते. तिच्या टॅब्लेटला पेन नाही, कीबोर्डही नाही. तिने पायाने दाबायचं एक पेडल घेतलं आहे. हात पेटीवर असतात आणि पायाने बंदिशीचं पान उलटतं. शेजारचे आजोबा अंगठ्याएवढी अक्षरं करून वर्तमानपत्र वाचतात, त्यांना फक्त स्टँड पुरतो. दारोदार जाऊन विम्याची कामं करणाऱ्या आमच्या एका परिचितांना हवं आहे ते पडल्यावर न फुटणारं जाड कव्हर आणि हाताचा पट्टा. जो तो आपल्या कामाप्रमाणे. दुकानात सगळं एकत्र 'कॉम्बो' म्हणून मिळतं, ते घेऊ नका. आधी टॅब्लेट पंधरा दिवस वापरा. कुठे अडतंय, कुठे दुखतंय ते बघा. जिथे अडेल तिथली एकच वस्तू घ्या. मग पुन्हा पंधरा दिवस थांबा. माझा कीबोर्ड असाच दुसऱ्या वर्षी आला, आणि तोवर त्याच्यावाचून माझं काही अडलं नाही.

काही गोष्टी टॅब्लेटवर होत नाहीत, हेही सांगायला हवं. दर वीस मिनिटांनी मला नजर उचलून अंगणातल्या लांबच्या झाडाकडे बघावं लागतं, नाहीतर डोळे चुरचुरतात. आणि पुस्तकाची पहिली आठ पानं, म्हणजे शीर्षक, अर्पणपत्रिका, श्रेयनामावली, ही मी अजूनही कागदावर छापून घेतो आणि पेन्सिलीने एकेका अक्षरावर टेकत वाचतो. आठ पानांचा खर्च तो किती? त्या पानांवर माणसांची नावं असतात.

बाईंच्या पुस्तकाची एक प्रत माझ्याकडे आहे. त्यांनी स्वतः सही करून पाठवली. अर्पणपत्रिकेत अनसूया नीट छापलेलं आहे, 'सू' दीर्घ. पुस्तक स्टँडशेजारीच ठेवलेलं असतं. फाइल पाठवायचं बटण दाबण्यापूर्वी तिकडे एकदा नजर जाते, आणि मग मी बायकोला हाक मारतो, "जरा तुझा फोन दे गं."